२७१६ लिहायला जुना, परवडणारा चिप प्रोग्रॅमर कोल्हापुरात मिळेल का?

काठावरचा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

एका तंत्रनिकेतनाच्या भंगारात ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचा ट्रेनर किट (कळा आणि आकडे असलेला शिकायचा बोर्ड) सापडला. तांबं-पितळ वेगळं काढून उरलेलं किलोवर चाललं होतं, त्यात हा लाकडी पेटीसकट मला अडीचशेला पडला. डिप्लोमाला आम्हाला चौघांत एक किट असायचा आणि कळा दाबायचा मान दर वेळी त्याच एका पोराकडे जायचा. तेव्हा जुनं दुखणंही आहे म्हणा.

घरी आणून पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर बदलले. पाच व्होल्टच्या रेलवर ४.९७ येतात. ८०८५ च्या ३७ नंबरच्या पायावर घड्याळाचा (क्लॉक) सिग्नल दिसतो, म्हणजे क्रिस्टल जिवंत आहे. पण रीसेट दाबलं की सहाही आकड्यांवर कचरा. एकदा तीन आठ आले, एकदा काहीच नाही. मॉनिटर प्रोग्रॅम, म्हणजे किट चालवणारा मूळ प्रोग्रॅम, २७१६ या ईप्रॉममध्ये (खिडकीतून यूव्ही उजेडाने पुसता येणारी मेमरी चिप) आहे आणि तिच्या खिडकीवरचा कागद कधीच गळून पडलाय. आतला चौकोनी तुकडा आरपार दिसतो. माझा सगळा संशय तिच्यावर आहे.

नवी २७१६ लिहायची तर चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं यंत्र, म्हणजे प्रोग्रॅमर, पाहिजे. शाहूपुरीत दोन दुकानांत विचारलं. एकाने "मोबाईलचं का टीव्हीचं?" असं विचारलं, दुसऱ्याने नुसती मान हलवली. बजेट तीन हजार, ताणून साडेतीन. जुन्या वस्तूंच्या साइटवर तीन प्रकार दिसतात: समांतर (जुन्या प्रिंटरच्या) पोर्टवाला विलेम, हाय-लो कंपनीचा ऑल-०३ आणि टीएल८६६. यातला कोणता घ्यावा? कोल्हापुरात कोणाकडे आहे का?

फक्त_वाचक | शनिवार, रात्री १०:०५

एवढं कशाला? सीएच३४१ए घ्या, काळी छोटी यूएसबी स्टिक येते. अडीच-तीनशे रुपये. जाहिरातीत "सर्व प्रकारच्या चिप्स" असं लिहिलंय.

नानोवाली | शनिवार, रात्री १०:३२

जाहिरातीत बरंच काही लिहितात हो. ती स्टिक २४ आणि २५ सीरिजच्या आठ पायांच्या चिपसाठी आहे, लॅपटॉपचं बायोस वगैरे. २७१६ ला चोवीस पाय, त्यातले अकरा पत्त्याचे आणि आठ डेटाचे. त्या स्टिकवर एवढ्या तारा नाहीतच. मी पण घेऊन बसले आहे, आता तिने फक्त एका सेट-टॉप बॉक्सची फ्लॅश लिहिते.

शिरोलीकर | शनिवार, रात्री ११:१५

भावा, ऑल-०३ च्या नादी लागायच्या आधी फोटोत कार्ड दिसतंय का बघ. आमच्याकडं वर्कशॉपला हाय तो. हिरवट डबा, वर झिफ सॉकेट (खटक्यानं चिप धरतंय ते), आन् मागनं जाड केबल जाती ती जुन्या संगणकातल्या आयएसए खाचंतल्या कार्डात. कार्ड न्हाई म्हंजे डबा म्हंजे नुसता पेपरवेट. विकणारे केबल दाखवत्यात, कार्ड दाखवत न्हाईत. आमचं कार्ड एका पेंटियमच्या डबड्यात बसवलंय, डॉसवर चालतंय, त्या डबड्याला कोण हात लावत न्हाई. गेल्या साली एका पोरानं "काका, ह्यात विंडोज टाकू का?" म्हणून विचारलं, त्याला तिथनंच हाकललं.

ते आम्ही ठेवलंय कशापायी? तर सीएनसीसाठी. शिरोली, गोकुळ शिरगावला अजून फॅनुक शून्य सीरिजची यंत्रं धावत्यात. त्यांची लॅडर, म्हंजे यंत्र चालवायचा प्रोग्रॅम, ईप्रॉममधीच असती. चिप गेली की यंत्र उभं, आन् यंत्र उभं म्हंजे कास्टिंगचा ढीग लागतोय. तवा प्रत्येक चिपचा डंप, म्हंजे आतल्या मजकुराची फाईल, काढून ठेवायचा, आमचा धंदाच त्यो. तुला शौकापायी घ्यायचं असंल तर ऑल-०३ नगं. कार्ड असलं तरी त्याच्यासाठी एक वेगळा संगणक जगवायला लागतोय.

काठावरचा | रविवार, सकाळी ७:५०

शिरोलीकर दादा, वाचवलंत. फोटोत कार्ड नाहीच. विक्रेत्याला विचारलं तर म्हणे "केबल यूएसबीची लावून घ्या". ऑल-०३ बाद.

मग विलेम कसा? पंचवीसशेला एक आहे. "यूएसबी व्हर्जन" असं लिहिलंय.

पाटी_पेन्सिल | रविवार, सकाळी ९:२०

मी तीस वर्षं मायक्रोप्रोसेसर लॅब सांभाळली, आता निवृत्त आहे. या विषयावर हात शिवशिवतो, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी त्या "यूएसबी व्हर्जन" चं. विलेमच्या पाचव्या आवृत्तीच्या बोर्डावर यूएसबीचं सॉकेट असतं, पण त्यातून फक्त वीज येते. डेटा समांतर पोर्टमधूनच जातो. यूएसबीवरून समांतर पोर्ट करणारी जी केबल मिळते ती प्रिंटरपुरती. विलेमचं सॉफ्टवेअर पोर्टचा एकेक पाय स्वतः वरखाली करतं, ते त्या केबलवरून होत नाही. तुमच्याकडे खरा समांतर पोर्ट असलेला जुना संगणक आणि एक्सपी असेल तरच विलेम घ्या. शिवाय प्रत्येक चिपला डिप स्विच आणि जंपर बदलायचे. एक चुकला की चिप गेली. आमच्या लॅबमध्ये विलेमशेजारी स्विचचा तक्ता भिंतीला चिकटवला होता, तरी वर्षाला दोन-तीन चिप जळायच्याच.

आता मुख्य मुद्दा. जुन्या ईप्रॉमचा प्रोग्रॅमर निवडताना किंमत किंवा यादीतल्या चिपची संख्या पाहू नका, तो लिहिण्यासाठी किती व्होल्ट देतो ते पाहा. वाचायला बहुतेकांना पाच व्होल्ट पुरतात. लिहायला मात्र २७१६ आणि साध्या २७३२ ला २५ लागतात. २७३२ए ला २१. जुन्या २७६४ आणि २७१२८ लाही २१, पण त्यांच्याच पुढे ए लागला की १२.५. २७२५६ पासून पुढे १२.५ च्या आसपास. त्यांच्याही आधीच्या २७०८ ला तर नुसतं वाचायलासुद्धा पाच, बारा आणि उणे पाच अशा तीन रेल, म्हणजे तीन वेगळे वीजपुरवठे, लागतात, तिचं नाव आज काढू नका.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस२७१६ ही आणखी वेगळी, तीन रेलवाली. आपल्याला हवी ती पाच व्होल्टची चिप त्यांनी टीएमएस२५१६ या नावाने विकली. भंगारातल्या चिपवर नाव नीट वाचा, खिडकीशेजारची अक्षरं पुसट असतात. ओल्या बोटाने पुसून तिरप्या उजेडात धरली की वाचता येतात.

सुताराची_फळी | रविवार, सकाळी ९:४५

तो ए किती महाग पडतो ते मला विचारा. २७३२ए ला साध्या २७३२ चं सेटिंग लावलं, २५ व्होल्ट दिले. चिप गरम झाली, बोट लावलं तर चटका. त्यानंतर ती काहीही वाचली तरी सगळीकडे सारखंच. आणि ती एकच होती, जुन्या वजनकाट्याच्या कार्डातली. मालक अजून दिसला की मी रस्ता बदलतो.

काठावरचा | रविवार, सकाळी १०:१०

सर, म्हणजे टीएल८६६ मध्ये सुद्धा प्रकार आहेत?

पाटी_पेन्सिल | रविवार, सकाळी १०:५५

आहेत, आणि गंमत अशी की इथे जुना तो नव्याहून काही बाबतीत बरा. पहिले टीएल८६६ए आणि टीएल८६६सीएस, ते २१ व्होल्टपर्यंत जातात. त्यांच्यानंतर आलेला टीएल८६६ दोन प्लस १८ वरच थांबतो. म्हणजे नवा घेतला तर २१ व्होल्टच्या २७६४ हातातून गेल्या. त्याहून नवा टी४८, तो २५ पर्यंत देतो, त्यावर २७१६ थेट लिहिता येते. पण तो तुमच्या बजेटबाहेर आहे.

ए आणि सीएसमध्ये फरक एवढाच की ए वर आयसीएसपीची (चिप बोर्डावरून न काढता लिहायची) वेगळी जोडणी आहे. आपल्या कामाला सीएस पुरे, तो २५ देत नाही त्यावर वाट निघेल. मूळ कंपनीने त्याचं सॉफ्टवेअर पुढे वाढवणं बंद केलंय, म्हणूनच लोक स्वस्तात काढून टाकतात. लिनक्सवर मिनिप्रो नावाचं मुक्त सॉफ्टवेअर त्याला अजून चालवतं, मी तेच वापरतो. माझा सल्ला, सेकंडहँड सीएस शोधा.

शिरोलीकर | रविवार, सकाळी ११:०५

सर बरोबर सांगत्यात.

पुण्याहून_कधीकधी | रविवार, दुपारी १२:४०

पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे प्रोग्रॅमर मिळेल अशी आशा ठेवू नका, पण जुने मदरबोर्ड मिळतात. ३८६-४८६ च्या बोर्डावर बायोसची खिडकीवाली २७सी५१२ सॉकेटमध्येच असते, ओढून काढायची. मी अशा अकरा जमवल्या. तपकीर गल्लीत झिफ सॉकेट आणि मशीन पिनचे बेस मिळतात.

अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झालं तेव्हापासून या वस्तूंचे भाव फुगलेत हे खरं. आधी टीएल८६६ पंचवीसशेच्या आत घरी यायचा, पोस्टमन मात्र दीड महिन्याने यायचा.

नानोवाली | रविवार, दुपारी ३:३०

आणखी एक वाट. मी आर्डुइनो नॅनोवर २७१६ चा प्रोग्रॅमर बांधलाय. पत्त्यासाठी दोन ७४एचसी५९५ (शिफ्ट रजिस्टर चिप), २५ व्होल्टसाठी एमटी३६०८ चं व्होल्ट वाढवणारं बूस्ट मॉड्यूल. ते साठ-सत्तर रुपयांना मिळतं आणि २८ पर्यंत चढतं. प्रोग्रॅमिंग सोपं आहे: व्हीपीपीवर (लिहिण्याच्या व्होल्टचा पाय) २५, आउटपुट एनेबल वर, डेटा लावा आणि १८ नंबरच्या पायावर ५० मिलिसेकंदांची उंच पल्स. एका बाइटला ५० मिलिसेकंद, २०४८ बाइट, म्हणजे शंभर सेकंदांत चिप भरते. तेवढ्यात चहा टाकते.

पण बूस्टचा स्क्रू फिरवताना मीटर लावूनच ठेवा. तो बारीक निळा पोटेन्शिओमीटर पंधरा-वीस फेऱ्या काही करत नाही आणि मग एका फेरीत उडी मारतो. २६ च्या वर गेलात तर २७१६ माफ करत नाही. माझ्या पहिल्या दोन तशाच गेल्या. सगळ्या सामानाला सहाशेच्या आसपास आले, जळालेल्या चिप धरून आठशे.

काठावरचा | रविवार, दुपारी ४:१५

ताई, भारी काम. पण माझ्या सोल्डरिंगवर माझाच विश्वास नाही. आणि मूळ २७१६ मधलं वाचून तरी मिळेल का? तेच खराब असेल तर लिहिणार काय?

पाटी_पेन्सिल | रविवार, दुपारी ४:५०

अहो, हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता. सगळे लिहिण्यामागे लागलेत.

पहिल्यांदा चिपचे पाय बघा. जुन्या ईप्रॉमच्या पायांना चांदीचा मुलामा असतो, तो काळा पडतो आणि सॉकेटमध्ये संपर्क तुटतो. शाळकरी खोडरबराने पाय घासा, काळा रबर झटका, परत बसवून किट लावून बघा. आमच्या लॅबचे निम्मे किट याच उपायाने उठायचे.

त्याने नाही जमलं तर चिप काढून पाच वेळा वाचा आणि पाचही फायली जुळवा. टीएल८६६ वर २८सी१६ (विजेने पुसली जाणारी तेवढीच चिप) निवडलं की २७१६ वाचता येते, पाय जुळतात. पाचही सारख्या आल्या तर चिप बहुधा ठीक. वेगवेगळ्या आल्या तर काही बिट काठावर आहेत. ईप्रॉममधला बिट शून्य म्हणजे तरंगत्या गेटवर साठवलेला भार. तो वर्षानुवर्षं गळतो, खिडकीवर उजेड पडला की जास्त गळतो, आणि शून्याचा एक होऊ लागतो. एकाचा शून्य आपोआप होत नाही.

अशा वेळी चिपला पाचऐवजी थोडे कमी व्होल्ट द्या. वीजदाब कमी झाला की अर्धवट गळलेला बिट पुन्हा शून्य वाचला जातो. मी काय करायचो, मधे एक जादा बेस घालायचो, २४ नंबरचा पाय त्यातून बाहेर वाकवायचो आणि त्याला १एन४००७ डायोडमधून पाच व्होल्ट द्यायचो. ४.३ च्या आसपास मिळतात. तेवढ्यावर पुन्हा पाच वेळा वाचायचं.

काठावरचा | मंगळवार, रात्री १०:२०

अपडेट देतो. सीएस मिळाला! सातारच्या एकाकडून अठ्ठावीसशेला, कुरिअर धरून. डब्यावर खरचटलेलं आहे, झिफचा खटका थोडा सैल आहे, बाकी चालतो.

खोडरबराने पाय घासले, बोट काळं झालं. किट तरीही तसाच. मग वाचलं. पाच वेळांत तीन वेगळ्या फायली. पहिला बाइट मात्र पाचही वेळा सी३, म्हणजे जंप, मग जीव भांड्यात पडला. रीसेटनंतर ८०८५ शून्य पत्त्यावरून सुरुवात करतो, तेव्हा तिथे जंप असणं बरोबरच.

मग डायोड लावून वाचलं. पाचही सारख्या!

फायली शेजारी ठेवून बघितलं तर घोळ एकाच बाइटचा. डायोडवर तो ३ए येतो, पाच व्होल्टवर कधी ३ए, कधी ३ई. मला आधी कळेना एवढ्याने काय बिघडलं. मग सूचनांचा तक्ता काढला. ३ए म्हणजे एलडीए, त्याच्यामागे दोन बाइटचा पत्ता. ३ई म्हणजे एमव्हीआय ए, त्याला मागे एकच बाइट. एक बिट सुटला, सूचना एका बाइटने आखूड झाली, आणि पत्त्याचा उरलेला बाइट प्रोसेसरने सूचना म्हणून चालवला. तिथून पुढे सगळा गाडा रुळावरून घसरला. माझ्या सहा आकड्यांवरचा कचरा हाच. रात्री दीड वाजता एकटाच हसत बसलो होतो, बायकोने दिवा लावून बघितलं.

शिरोलीकर | मंगळवार, रात्री १०:४०

नाद खुळा! एका बिटापायी चाळीस वर्सांचा किट आडवा.

कागलकर_अर्धवेळ | बुधवार, सकाळी ८:१५

अवांतर: माझ्याकडे शाळेतून निकाली काढलेला बीबीसी मायक्रो संगणक आहे, १९८४ च्या क्लास या शालेय संगणक योजनेतला. त्याच्या रॉमच्या खाचांत १६ केबीची २७१२८ बसते. मलाही सीएस चालेल ना?

पाटी_पेन्सिल | बुधवार, सकाळी ८:४०

चालेल. साधी २७१२८ असो की ए, दोन्ही त्याच्या आवाक्यात. आधी त्याच्या पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर बदला, नाहीतर धूर निघेल आणि घरचे घाबरतील. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू.

काठावरचा | बुधवार, रात्री ९:००

आता खरा प्रश्न. फाईल हातात आहे, पण सीएस २५ व्होल्ट देत नाही. मूळ चिपवर तो बिट पुन्हा लिहिता येत नाही. ताईंकडे जाऊन लिहून आणू? का टी४८ घेऊ?

पाटी_पेन्सिल | बुधवार, रात्री ९:३५

काही घेऊ नका. २७१६ च्याच जागी २७१६ बसली पाहिजे असं कोणी सांगितलं?

२८सी१६ मिळाली तर थेट बसेल. तिचा २१ नंबरचा पाय म्हणजे राइट एनेबल, आणि तुमच्या बोर्डावर त्या पायाला व्हीपीपी म्हणून पाच व्होल्ट दिलेलेच असतील, म्हणजे लिहिणं आपोआप बंद. पण हल्ली ती शोधावी लागते.

सहज मिळते ती विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२. तिला खिडकी नाही, प्रोग्रॅमरवरच विजेने पुसली जाते, यूव्ही दिव्याखाली पुसायची भानगडच नाही. शंभर-सव्वाशेला येते, बहुतेक बोर्डावरून काढलेली असते, म्हणून आधी पुसून मगच लिहा. चिपची ओळख प्रोग्रॅमरला वाचायला लावा. डीए ०८ आली तर खरी, दुसरं काही आलं तर वरचं नाव घासून छापलेलं आहे.

तिला अठ्ठावीस पाय. चोवीसच्या सॉकेटमध्ये खालच्या टोकाला बसवा, वरचे चार पाय हवेत राहतील: १, २, २७, २८. हे चारही एकमेकांना जोडून २६ ला सोल्डर करा. सॉकेटमध्ये २६ च्या खाली पाच व्होल्ट येतात. थेट चिपवर नको, अठ्ठावीसच्या बेसवर तारा लावा आणि चिप त्या बेसमध्ये.

काठावरचा | शुक्रवार, रात्री ११:५०

सर, चालत नाही. बेस केला, तारा दोनदा तपासल्या. चिपची ओळख डीए ०८. पुसली, २०४८ बाइट लिहिले, पडताळून बघितले, बरोबर. किटमध्ये लावली तर सहाही आकडे आंधळे. आधी निदान कचरा तरी यायचा.

नानोवाली | शनिवार, सकाळी ६:५५

तुम्ही २ केबीची फाईल ६४ केबीच्या चिपमध्ये अगदी सुरुवातीला लिहिलीत ना? बाकी सगळं एफएफ, म्हणजे कोरं?

हवेतले पाय पाच व्होल्टला बांधलेत, म्हणजे पत्त्याचे पाय ए१२, ए१४, ए१५ कायम एक. २६ म्हणजे ए१३, तोही एक. आणि २७१६ ची व्हीपीपी जिथे होती तिथे या चिपचा ए११ येतो, बोर्डाने त्यालाही पाच दिलेत. म्हणजे प्रोसेसर चिपच्या शेवटच्या २ केबीत वाचतोय, तिथे एफएफ. आणि ८०८५ ला एफएफ म्हणजे आरएसटी ७ ही सूचना. तो ००३८ वर उडी मारतो, तिथेही एफएफ, परत उडी. बिचारा जागच्या जागी गिरक्या घेतोय.

हेक्स एडिटरमध्ये तीच फाईल बत्तीस वेळा एकापुढे एक चिकटवा. ६४ केबी पूर्ण भरेल. मग कुठलाही वरचा पाय वर असो की खाली, मिळणार तोच प्रोग्रॅम.

पाटी_पेन्सिल | शनिवार, सकाळी ७:१०

हे मी सांगायला हवं होतं. बरोबर आहे, बत्तीस.

काठावरचा | शनिवार, सकाळी १०:३०

लागला! रीसेट दाबलं आणि डावीकडे एक आडवी रेघ, बाकी कोरं, हुकमाची वाट बघत. २००० पत्त्यावर ३ई, ०५, ७६ टाकून चालवलं, ए रजिस्टरमध्ये ०५. एक्झेक्युटची कळ घासून गुळगुळीत झालीय, तिच्यावरचं नाव वाचताच येत नाही, बोटालाच ठाऊक. तीस वर्षांपूर्वी ज्याने मला ती दाबू दिली नाही त्याला व्हिडिओ पाठवला. त्याने अंगठा पाठवलाय, बाकी काही नाही.

एकूण खर्च: किट २५०, सीएस २८००, चिप ११०, बेस आणि किरकोळ ६०. तीन हजार दोनशे वीस.

आता मूळ २७१६ पुसून ठेवायची आहे, नानोवाली ताईंकडे लिहून घेईन म्हणतो, मूळ चिप मूळ जागी. उन्हात ठेवली तर पुसते का?

नानोवाली | शनिवार, सकाळी ११:२०

थेट उन्हात आठवडाभर ठेवावी लागेल, आणि या दिवसांत कोल्हापुरात आठवडाभर ऊन कुठून आणणार? खिडकीच्या काचेमागे तर अजिबात नको, काच नेमका हवा तो किरण अडवते. ईप्रॉमची खिडकी म्हणूनच क्वार्ट्झची असते. २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा किरण लागतो. नखं वाळवायचे निळे दिवे घेऊ नका, ते ३६५-३९५ चे, वर्षभर ठेवलं तरी काही होत नाही.

मी बंद पडलेल्या पाणी शुद्धीकरण यंत्रातली ११ वॅटची यूव्ही नळी आणि तिचा चोक काढून डब्यात बसवलाय. इंचभर अंतरावर वीस मिनिटं. मग पूर्ण एफएफ आलं की नाही ते वाचून बघा, नसेल तर आणखी दहा.

शिरोलीकर | शनिवार, दुपारी १:००

डब्याला झाकण उघडलं की बंद होणारा स्विच लावा. सांगून ठेवतो. उद्यमनगरातल्या एका पोरानं नळी नीट लागलीय का म्हणून वाकून बघितलं. पाच मिंटं बघितलं असंल. राती वेल्डिंग बघितल्यागत डोळ्यात वाळू भरली, बटाट्याच्या चकत्या ठिवून पहाट काढली.

काठावरचा | शनिवार, दुपारी १:३०

झाकणाला जुन्या मिक्सरचा स्विच आहे घरी, तो लावतो. ताई, पुढच्या रविवारी चिप घेऊन येऊ का? एकच आहे, २५ चा स्क्रू तुम्हीच फिरवा.

नानोवाली | शनिवार, दुपारी २:०५

या. मीटर घेऊन या, माझ्या मीटरची बॅटरी संपलीय.